भिशी फेडणाऱ्यांची पण बातमी घ्या की

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात तुमच्या पेपरात भिशीवाली बाई पैसे घेऊन पळाली अशी बातमी आली आणि दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर छोटं स्फुट पण आलं की बायकांनी भिशीच्या नादाला लागू नये, सरळ बँकेत पैसे ठेवावेत. बातमी खरी असणार, पळालेलीला पकडा आणि आत घाला, माझं काही म्हणणं नाही. पण मी स्वतः 19 वर्षं भिशी चालवते, मंगळवार पेठेत, वीस बायका, महिना दोन हजार, आणि आजवर एकीचाही रुपया बुडलेला नाही, त्यामुळं ते स्फुट वाचून सकाळचा चहा कडू लागला. म्हणून लिहायला बसले. पत्र लांबणार आहे, कापायचं तिथं कापा, फक्त मधला मेक्सिकोवाल्या बाईचा भाग कापू नका, सगळं त्याच्यासाठीच लिहितेय.

आधी माझं सांगते. माझा धंदा चटणीचा. पुण्या-मुंबईत ज्याला कांदा-लसूण मसाला म्हणतात ती आमची चटणी. मार्च ते मे गल्लीत मिरच्या वाळत असतात आणि येणारा-जाणारा शिंकत असतो. संकेश्वरी जवारी तिखटाला, ब्याडगी रंगाला, आणि प्रमाण मी कुणाला सांगत नाही. दहा किलोपासून सुरुवात केली होती, आता सीझनला बाराशे-पंधराशे किलो जाते. डंकावर, म्हणजे मिरची कांडायच्या गिरणीवर, रांग लावून लावून कंटाळले, कधी कधी रात्री अकराला नंबर लागायचा, म्हणून ठरवलं आपलंच कांडप मशिन घ्यायचं आणि एका बँकेत गेले. नाव लिहीत नाही, तिथल्या पोराचा काही दोष नव्हता. उद्यम रजिस्ट्रेशन होतं, फूड लायसन होतं, पासबुक होतं, चार लाख पाहिजे होते. पोरगं चांगलं होतं, काकू बसा म्हणालं, पॅन नंबर टाकला आणि स्क्रीन माझ्याकडं वळवली. काकू, तुमचा सिबिल, म्हणजे कर्ज फेडण्याचे मार्क, मायनस एक आहे.

मी म्हटलं बाळा, शून्याच्या पण खाली? मी कुणाचं काय बुडवलंय? तो हसायला लागला, म्हणाला तसं नाही काकू, मायनस एक म्हणजे तुम्ही कधी कर्जच घेतलं नाही, त्यामुळं तुम्ही चांगल्या की वाईट ते सिस्टीमला माहितीच नाही. म्हणजे 19 वर्षं दर महिन्याच्या पाच तारखेला चाळीस हजार मोजून जिच्या तिच्या हातात दिले ते सिस्टीमला माहिती नाही. आणि आमच्या शेजारचा पोरगा, टीव्ही हप्त्यावर, मोबाईल हप्त्यावर, बुलेट हप्त्यावर, त्याचा स्कोअर सातशे साठ! मग तो पोरगा म्हणाला घराचे कागद आणा, तारणावर बघू. आता घराच्या प्रॉपर्टी कार्डावर अजून आजेसासऱ्यांचं नाव आहे, ते जाऊन चाळीस वर्षं झाली, खाली वारस अकरा, त्यातला एक बडोद्याला आणि एकाशी बोलणं नाही. फाईल तिथंच मिटली.

हे सगळं डोक्यात घेऊनच 2023 च्या उन्हाळ्यात लेकीच्या बाळंतपणाला अमेरिकेला गेले, कॅलिफोर्नियात सॅन होजेला. डिंकाचे लाडू, आळीव आणि दोन किलो चटणी, विमानतळावर बॅग उघडतील म्हणून जीव मुठीत. नाही उघडली. जावई कॉम्प्युटरमध्ये, त्यांच्या कॉलनीत सगळे आपलेच, तेलुगू, तामिळ, पुण्याचे. पण सकाळी बागकामाला येणारे, घरं पुसायला येणारे, रस्त्यावर कलिंगड कापून तिखट-मीठ लावून विकणारे, हे सगळे वेगळे. लेक म्हणाली हे लॅटिनो. मेक्सिको, ग्वाटेमाला, एल साल्वादोर, पोर्तो रिको, क्युबा असं सगळं मिळून. 2020 च्या जनगणनेत अमेरिकेत त्यांची संख्या 6 कोटी 20 लाख निघाली. आणि सगळेच काही कालपरवा आलेले नाहीत, 1848 पर्यंत कॅलिफोर्निया मेक्सिकोतच होता, म्हणजे काही घराणी जागेवरच बसून होती आणि देश बदलला. बेळगाव जवळ असलेल्या माणसाला हे जास्त समजावून सांगायला लागत नाही.

एका रविवारी लेकीनं मला बेरिएसा भागातल्या बाजारात नेलं. तिथले लोक त्याला ला पुल्गा म्हणतात, पुल्गा म्हणजे पिसू. 1960 ला सुरू झालेला. आपला लक्ष्मीपुरीचा रविवारचा बाजार डोळ्यापुढं आणा आणि त्याला अमेरिकेतलं पार्किंग जोडा. जुने स्क्रू-पाने, पोरांचे कपडे, कोंबड्यांचे पिंजरे, मक्याची कणसं भाजलेली, कुठंतरी मोठ्यानं गाणी. आणि मला वास आला, वाळल्या मिरचीचा. तीन महिन्यांनी पहिल्यांदा नाकाला काहीतरी ओळखीचं लागलं.

पोती उघडी ठेवलेली. एकातली मिरची लांब, काळपट लाल, सुरकुतलेली, अगदी आपली ब्याडगी. सवयीनं एक उचलली, वाकवून बघितली, देठ ओढला, बी खुळखुळतं का कानाशी नेऊन बघितलं. दुकानातली बाई माझ्याकडं बघत होती, माझ्याच वयाची, ॲप्रन लावलेला, बोटं माझ्यासारखीच लालसर. तिनं काही न बोलता दुसऱ्या पोत्यातली बारीक मिरची माझ्या हातावर ठेवली, जीभ बाहेर काढून फू फू केलं. म्हणजे आपली लवंगी! लांब ती ग्वाहियो आणि बारीक ती आर्बोल, हे नंतर कळलं. पर्समध्ये माझी चटणीची डबी असतेच, तिकडचं जेवण घशाखाली उतरायचं नाही, ती काढून तिला दिली. बोटाच्या टोकावर घेऊन चाखली, डोळ्यात पाणी आलं, हसली, परत बोट घातलं. मिरची मुळात त्यांच्याकडचीच ना हो, पोर्तुगीज लोकांनी गोव्याला आणली आणि तिथनं घाट चढून आमच्याकडं आली. तिच्या माहेरची गोष्ट मी तिला चारशे-पाचशे वर्षांनी कांदा-लसूण घालून परत दिली असं म्हणायला हरकत नाही.

पुढचं बोलणं लेकीच्या मोबाईलवरच्या भाषांतरावर झालं. धंद्याचंच बोलत होतो, गाळ्याचं भाडं किती, माल कुठनं येतो. मी विचारलं एवढा मोठा तंबू आणि गाडी कशावर घेतली, लोन काढलं का. ती स्पॅनिशमध्ये काहीतरी बोलली आणि मोबाईल मराठीत म्हणाला, मी पाळीवर तंबू घेतला. लेक हसून हसून बेजार. परत विचारलं तर ती बाई एकच शब्द म्हणत होती, तांदा, तांदा. शेवटी तिनं पावत्यांच्या मागं गोल काढला, गोलावर दहा टिंबं, एकेका टिंबाला शंभर डॉलर, आठवड्याला हजार, आणि बोट फिरवत गेली, ह्या आठवड्यात ही, पुढच्या आठवड्यात ती. मी म्हटलं अगं बया, ही तर भिशी!

साहेब, खरं सांगते, अंगावर काटा आला. त्यांच्यात पण चालवणारीचा नंबर आधी, त्यांच्यात पण ज्याला लग्न किंवा दवाखाना आहे त्याला मधला नंबर देतात, आणि त्यांच्यात पण एखादा मधनंच गायब झाला तर चालवणारी स्वतःच्या खिशातनं भरते. मी तिला सांगितलं, एकीचा नवरा अचानक गेला तेव्हा तिचे चार हप्ते मी भरले होते. तिनं दोन बोटं दाखवली, म्हणजे तिच्यावर दोनदा आलेलं. नंतर घराचं विचारलं. भाड्यानं. सॅन होजेत साधं घर दहा लाख डॉलरच्या वर, त्यामुळं तिथं घेण्याचा प्रश्नच नाही, पण आत दोन-तीन तासांवर स्वस्त गावं आहेत तिथं बघत होती. धंदा आहे, टॅक्स भरलेला आहे, भाडं कधी चुकलेलं नाही, पण बँकेच्या कॉम्प्युटरवर नाव टाकलं की पाटी कोरी. मायनस एक मला स्पॅनिशमध्ये सांगता आलं नाही, बोटानं हवेत काढून दाखवलं. कळलं तिला.

तिथनं मी ह्या विषयाचा नादच लावून घेतला. बाळ झोपलं की मी मोबाईल घेऊन बसायची, जावई म्हणायचा आई तुम्ही डॉक्टरेट करा आता. करायची कशाला, माझ्या वह्यातच आहे निम्मी. पण त्यातलं थोडं वाचकांना सांगितलंच पाहिजे कारण आपल्याकडं अमेरिका म्हटलं की आयटी आणि डॉलर एवढंच येतं.

अमेरिकेत त्यांची रिझर्व्ह बँक दर तीन वर्षांनी घरोघरच्या मालमत्तेची पाहणी करते. 2022 च्या पाहणीत काय निघालं बघा. सगळ्या गोऱ्या घरांना श्रीमंतीप्रमाणं रांगेत उभं केलं तर बरोब्बर मधल्या घराकडं 2 लाख 85 हजार डॉलर. लॅटिनो घरांची तशीच रांग लावली तर मधल्या घराकडं सुमारे 62 हजार. कामात कमी आहेत का, तर नाही, पहाटे पाचला बांधकामावर आणि शेतात तेच असतात. स्वतःचं घर असणारे गोऱ्यांमध्ये शंभरात चौऱ्याहत्तरच्या आसपास, लॅटिनोंमध्ये पन्नासच्या जरा आत. आणि तिकडं साध्या माणसाची श्रीमंती म्हणजे घरच, तीस वर्षं हप्ते भरायचे आणि म्हातारपणी ती भिंतच पेन्शन.

आता हे घर त्यांना आधीपासून का मिळालं नाही त्याची गोष्ट लांब आहे. 1930 च्या दशकात सरकारी लोकांनी शहरांचे नकाशे रंगवले, कुठल्या भागात कर्ज देणं धोक्याचं ते लाल रंगानं. लॉस एंजेलिसच्या बॉइल हाइट्स भागात मेक्सिकन, ज्यू, जपानी सगळे शेजारी राहायचे, तर 1939 च्या सरकारी कागदात त्या भागाबद्दल लिहिलंय की इथं नाना जातींची देशविघातक माणसं मधाच्या पोळ्यासारखी भरलीत. माणसं गुण्यागोविंदानं राहतात हाच त्या भागाचा दोष! असल्या भागात घर घ्यायला बँक पैसे देणार कशाला. हा भेद कायद्यानं बंद व्हायला 1968 उजाडलं. त्याच शहरात चावेझ रवीन म्हणून टेकड्यांमध्ये मेक्सिकन लोकांनी वस्ती केली होती, दुसरीकडं त्यांना कोणी घर विकत नसे म्हणून. ती सरकारी घरकुलांच्या नावाखाली उठवली, घरकुलं झालीच नाहीत, आणि 1962 ला तिथं बेसबॉलचं स्टेडियम उघडलं. 1959 मध्ये शेवटच्या घरातल्या बायकांना पोलिसांनी हातपाय धरून उचलून बाहेर काढल्याचे फोटो आहेत. मी ते फोटो बघितले आणि मोबाईल पालथा घातला.

पण माझ्या मनात जास्त बसलं ते पुढचं, 2008 चं. त्याच्या आधी पाच-सात वर्षं दलालांनी लॅटिनो वस्त्यांत फिरून फिरून कर्जं वाटली, हप्ता आधी कमी मग दुप्पट असली, इंग्रजी कागदावर सह्या. कॅलिफोर्निया, फ्लोरिडा, नेवाडा, ॲरिझोना, नेमकी जिथं घरांच्या किमती फुग्यासारख्या फुगल्या होत्या तिथंच ही माणसं जास्त. फुगा फुटला आणि 2005 ते 2009 ह्या चार वर्षांत लॅटिनो घरांची मधली मालमत्ता 66 टक्क्यांनी गेली, 18 हजार डॉलरवरनं 6 हजारावर. गोऱ्यांची त्याच काळात 16 टक्के. कारण गोऱ्यांकडं घराबरोबर शेअर होते, पेन्शन होती, यांचा सगळा पैसा भिंतीत. हे वाचताना मला 2019 चा पूर आठवला. शाहूपुरीत कुंभार गल्लीत पाणी शिरलं तेव्हा गणपती तोंडावर आलेले, ज्यांचं घर तेच दुकान आणि तेच गोडाऊन त्यांचं एका रात्रीत सगळंच भिजलं. ज्याचं घर एकीकडं आणि धंदा एकीकडं तो निदान उभा राहिला. म्हणून कोणी मला सांगायला लागलं की घर घ्या, घर म्हणजेच श्रीमंती, की मी म्हणते हळू. घर पाहिजेच, पण घरच सगळं नको, आणि ज्या कागदावर सही करतोय तो आपल्या भाषेत पाहिजे.

कागदावरनं आठवलं. टेक्सासमध्ये मेक्सिकोच्या सीमेला लागून कोलोनिया नावाच्या वस्त्या आहेत. कोणीतरी माळरानाचे तुकडे पाडून विकले, पाणी नाही, गटार नाही, रस्ता नाही. विकायची पद्धत अशी की हप्ते भरत राहायचं आणि शेवटचा हप्ता भरल्यावर जमीन नावावर. मध्ये हप्ते चुकले की जमीन पण गेली, भरलेले पैसे पण गेले, वर बांधलेली खोली पण गेली. 1995 ला टेक्सासनं त्यावर कायदा कडक केला. हे मी माझ्या नणंदेला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली वहिनी, ह्यात अमेरिकेचं काय, ही तर आमची गुंठेवारी! तिचा फुलेवाडीच्या पुढं दीड गुंठा, स्टॅम्प पेपरवर नोटरी केलेला, घर बांधून पंधरा वर्षं झाली, सातबारावर अजून मूळ मालक. आपल्याकडं गुंठेवारीचा कायदा 2001 चा. नणंदेची फाईल कुठल्या टेबलावर आहे ते देवाला माहिती. घर आहे, राहतात, घरपट्टी भरतात, पण पोराच्या शिक्षणाला त्यावर एक रुपया उचलता येत नाही.

नुसतं रडगाणं नको, हिमतीचं पण सांगते. मेक्सिकोत मिचोआकान राज्यात तोकुंबो नावाचं छोटं गाव आहे, वेशीवर आईस्क्रीमच्या कांडीचा मोठा पुतळा! खोटं वाटतं पण आहे. 1940 च्या दशकात तिथली दोन-चार माणसं मेक्सिको सिटीला गेली, फळांच्या बर्फकांड्यांची दुकानं काढली, पालेता म्हणतात त्याला. चाललं म्हटल्यावर पुतण्याला बोलावलं, भाच्याला बोलावलं, दुकान हप्त्यानं लावून दिलं, बँक नाही काही नाही. आज मेक्सिकोभर आणि अमेरिकेत पण ला मिचोआकाना नावाची हजारो दुकानं, आणि सगळ्यांचा मालक एक नाहीच. आता हे वाचून तुम्हाला विटा-खानापूर-आटपाडीचे गलाईवाले आठवले नाहीत तर नवल. दुष्काळी भाग, मामाच्या भट्टीवर भाचा, सोनं गाळायला शिकायचं, पाच-सहा वर्षांनी मामा पैसे देऊन दुसऱ्या गावात बसवणार. आज केरळपासून पार उत्तरेपर्यंत सराफ कट्ट्यावर आपली माणसं. माझा मावसभाऊ तामिळनाडूत आहे, पोरं तामिळ बोलतात, पण यात्रेला गाडी काढून येतात. लॉस एंजेलिसमध्ये 1974 ला एकानं जुन्या आईस्क्रीमच्या गाडीत टाको विकायला सुरुवात केली, बारसमोर गाडी लावून, त्याच्या पुढं किंग टाको म्हणून दुकानांची रांग झाली.

पण एक बघा, नात्यातल्या पैशावर पहिलं दुकान निघतं. दुसरं, तिसरं निघतं. कारखाना निघत नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठात लॅटिनो धंदेवाल्यांवर वर्षानुवर्षं अभ्यास चाललाय, त्यात परत परत हेच येतं की धंदे भराभर निघतात, पण लहानच राहतात आणि मोठं बँक कर्ज मिळायला त्यांना जड जातं. भिशीचं पण तसंच. माझ्या भिशीवर शिलाई मशिन आलीत, दोन म्हशी आल्यात, एका पोरीची नर्सिंगची फी गेली. कांडप मशिन नाही आलं. चाळीस हजारात येतच नाही ते.

आणि आता मुद्द्यावर येते. सॅन फ्रान्सिस्कोला मिशन ॲसेट फंड नावाची संस्था आहे, 2007 ची, होसे किन्योनेस म्हणून माणूस चालवतो, लहानपणी मेक्सिकोतनं आलेला. त्यानं काय केलं, लोकांना तांदा सोडा म्हणून सांगितलं नाही. तांदाच धरला. तशीच माणसं गोळा केली, तसाच नंबर, व्याज शून्य, फक्त प्रत्येकाकडनं कर्जाच्या कागदावर सही घेतली आणि दर महिन्याचा हप्ता भरला की ते तिकडच्या सिबिलवाल्यांना कळवायला सुरुवात केली. झालं! जे लोक पिढ्यानपिढ्या वेळेवर पैसे देत होते ते अचानक कॉम्प्युटरला दिसायला लागले. 2014 ला कॅलिफोर्नियानं अशा बिनव्याजी छोट्या कर्जांना कायद्यात जागा करून दिली, 2016 ला त्या माणसाला मॅकआर्थर फेलोशिप मिळाली, मोठा मान असतो म्हणे. दुसरं एक, नॉर्थ कॅरोलायनात डरहॅम गावात बाहेरनं आलेल्या मजुरांना बँक खातं मिळत नव्हतं म्हणून पगार रोख खिशात, चोरांना माहिती, पगाराच्या दिवशी गाठून लुटायचे. त्यातनं 2000 साली त्यांनी स्वतःची पतसंस्था काढली, लॅटिनो कम्युनिटी क्रेडिट युनियन, सगळा व्यवहार स्पॅनिशमध्ये. ज्यांच्याकडं तिथला सोशल सिक्युरिटी नंबर नाही पण टॅक्स भरायचा वेगळा नंबर आहे, जो 1996 पासून देतात, त्या नंबरावर पण काही पतपेढ्या घराचं कर्ज देतात. व्याज जास्त, आधी भरायची रक्कम जास्त, पण दार बंद नाही. माझ्या मिरचीवालीला लेकीनं ह्याबद्दल सांगितलं तर ती म्हणाली ऐकलंय, पण फॉर्म कोण भरून देणार. हे वाक्य भाषांतराशिवाय कळलं.

आता तुम्ही सांगा, कोल्हापूर जिल्ह्यात पतसंस्था किती, बचत गट किती, दूध संस्था तर गावटी चार. दहा दिवसाला दुधाचं बिल बाईच्या खात्यावर पडतं, त्यातनं खाद्याचे पैसे कापून जातात, वर्षानुवर्षं. हा हिशोब म्हणजे सोनं आहे. ज्या बाईनं पंचवीस वर्षं दुधाच्या बिलातनं उचल फेडली तिच्यापेक्षा चांगला कर्जदार बँकेला कुठं मिळणार? पण मी ज्या पतसंस्थेत दोनदा कर्ज घेऊन फेडलं तिथनं काहीच पुढं गेलेलं नाही, म्हणून तर मायनस एक. मॅनेजरला विचारलं तर म्हणाले ताई तुम्ही फेडलंत हे आम्हाला माहिती आहे की. तुम्हाला माहिती असून काय उपयोग, मला मशिन घ्यायचंय! उलट फेरीवाल्यांचं पीएम स्वनिधी बघा, 2020 ला आलं, तेव्हा आधी दहा हजार मिळायचे, फेडले की वीस, ते फेडले की पन्नास. आमच्या कोपऱ्यावरच्या भजीवालीनं तिन्ही पायऱ्या चढल्या आणि आता तिचा स्कोअर माझ्यापेक्षा चांगला. तिच्याबद्दल आनंदच आहे, कढई पण नवीन घेतली तिनं.

हे कोल्हापूर आहे साहेब. इथं शाहू महाराजांनी अस्पृश्य मानलेल्या गंगाराम कांबळेंना चहाचं हॉटेल घालून दिलं आणि नुसते पैसे देऊन थांबले नाहीत, स्वतः गाडी थांबवून तिथला चहा प्यायले, म्हणजे बाकीच्यांना पण प्यावा लागला. पैशापेक्षा ते पिणं मोठं होतं, कारण राजानं चारचौघात सांगितलं की हा माणूस धंदा करायच्या लायकीचा आहे. आत्ताचं ते काम सिबिल करतंय, आणि त्याला आम्ही दिसत नाही.

भिशीत वाईट काही नाही असं मी म्हणत नाही. शेवटच्या नंबरवालीचे पैसे महागाईत झिजतात, आणि लिलावाची भिशी, जी जास्त तोटा सोसेल तिला आधी पैसे, म्हणजे गरजूच्या नाकावर टिच्चून खाणं, ती मी कधी चालवली नाही. पळतात त्या बहुतेक व्याजाचं आमिष दाखवणाऱ्या. 1982 चा चिट फंडाचा कायदा आहे, तो लावा त्यांना. पण तुमच्या स्फुटात सगळ्यांना एकाच पोत्यात घातलं ते मला लागलं. आणि बँकेत ठेवा म्हणता, ठेवलेत की! ठेवायला बँक नाही म्हणत नाही. द्यायची वेळ आली की म्हणते.

तुमच्या वार्ताहरांना जमलं तर एवढं विचारून छापा: जिल्ह्यातल्या किती पतसंस्था सभासदांनी फेडलेल्या कर्जाची माहिती पुढं पाठवतात, नसतील पाठवत तर अडचण काय आहे, पैशाची की इच्छेची. गुंठेवारीच्या किती फाईली पडून आहेत आणि किती निघाल्या. आणि जाता जाता हे पण छापा की बाईच्या नावावर घर घेतलं तर 2021 पासून स्टॅम्प ड्युटी एक टक्का कमी आहे, कारण माझ्या भिशीतल्या वीस जणींपैकी चौघींनाच माहिती होतं, मी विचारलं.

मिरचीवालीचं पुढं काय झालं ते नीट माहिती नाही. बाजाराच्या त्या जागेवर घरं आणि ऑफिसं बांधायला 2021 लाच तिथल्या महापालिकेनं मंजुरी दिली होती, विक्रेत्यांनी त्याविरुद्ध उपोषण पण केलं होतं, काही पैसे देऊ केलेत म्हणे. मी निघताना तिनं पाव किलो ग्वाहियो कागदात बांधून दिली, पैसे घेतले नाहीत. ती मी यंदाच्या चटणीत ब्याडगीबरोबर थोडी घालून बघितली. रंग चांगला येतो, वास जरा धुरकट.

माझ्याकडं भिशीच्या अकरा वह्या भरलेल्या आहेत, बारावी चालू आहे. तारीख, रक्कम, सही, जिला सही येत नव्हती तिचा अंगठा, पुढं पुढं त्याच अंगठ्याच्या जागी सही आलेली पण दिसते. कुठल्या बँकेच्या किंवा पतसंस्थेच्या साहेबांना बघायच्या असतील तर पाच तारीख सोडून कधीही या. पहिल्या दोन वह्यांना कसर लागलीय, तेवढं जरा लवकर.

आपली,
एक भिशीवाली,
मंगळवार पेठ, कोल्हापूर